सत्तरीच्या आतले चार दिवस

गुरुनाथ कोळेकरने आमच्या नाटक कंपनीची बस तीस वर्षं चालवली, आणि त्या तीस वर्षांत एकही नाटक पुढे बसून पाहिलं नाही. पडदा वर जायचा तेव्हा तो बसच्या शेवटच्या बाकावर झोपलेला असायचा. पडदा पडला की आम्ही झोपायचो आणि तो जागा व्हायचा. तरी प्रत्येक नाटकातल्या टाळ्यांच्या जागा त्याला पाठ होत्या, कारण त्या भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. एखाद्या गावात तिसऱ्या अंकाची टाळी पडली नाही, तर इंजिन सुरू करताना तो मला हळूच विचारायचा, "बाई, आज काय सांडलं?"

माणूस बुटका, पण मनगटं पैलवानाची. गळ्याशी घडी घातलेला रुमाल, खिशात जिरेगोळ्या. बोलणं अस्सल मिरजेचं, आणि तेही मोजकं.

आमच्या बसला घंटा नव्हती. कपडेपट सांभाळणारा बाळू माणसं मोजायचा, शेवटची ट्रंक चढली की बसच्या पाठीवर तळहाताने दोनदा थापटायचा, आणि गुरुनाथ गाडी काढायचा. त्या दोन थापा पडल्याशिवाय प्रत्यक्ष मालक ओरडले तरी तो गिअर टाकत नसे, आणि पडल्यावर मागे वळून पाहणं त्याला बाळूचा अपमान वाटे. मागचं बाळू बघतो, मी पुढचं बघतो, एवढंच त्याचं शास्त्र. त्या शास्त्रावर आम्ही सगळा महाराष्ट्र फिरलो. कोणी कधी मागे राहिलं नाही.

मग कंपनी बंद झाली, आम्ही पांगलो. मी इथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला, माझ्या लेकीकडे, भार्गवीकडे आले. ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. दोन हजार पाच सालच्या एप्रिलमध्ये एका दुपारी फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "बाई, गुरुनाथ बोलतोय. गाडी कुठं लावू?"

कुठल्याही गावात पोचलो की हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. मी फोन हातात धरून हसले, आणि मग थोडी रडलेही.

त्याचा मुलगा गिरीश इथून तासाभरावर ल्यूकनला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईवडिलांना त्याने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. शुभदा, म्हणजे गुरुनाथची बायको, तिथे लगेच रमली. शेजारच्या आयरिश बाईला तिने पंधरा दिवसांत धपाटी शिकवली. गुरुनाथ मात्र दिवसभर खिडकीत बसून वसाहतीतल्या गाड्यांना गुण द्यायचा. समोरच्या घरातला मनुष्य रोज तीनदा मागेपुढे करून गाडी लावतो, ते त्याला बघवत नसे. गिरीशच्या गाडीत डावीकडे बसला की त्याचा उजवा पाय चटईवर दाबला जायचा. गिरीश म्हणायचा, "बाबा, तिथे ब्रेक नाही." गुरुनाथ म्हणायचा, "म्हणून तर दाबतोय."

गिरीशच्या गाडीच्या विम्यात वडिलांना जागा नव्हती. आणि मिरजेहून निघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुरुनाथला स्पष्ट सांगितलं होतं की सत्तरीनंतर स्टेअरिंग सोडा. त्याने ते मानलं. लायसन्सची मुदतही तेव्हाच संपत होती, आणि ते नवं करून घ्यायचं नाही, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण एक काम राहून गेलं होतं. शुभदा त्याच्या गाडीत कधी बसलीच नव्हती. कंपनीच्या बसमध्ये घरची माणसं चालत नसत, आणि घरी होती ती सायकल. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला गाडी चालवताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. सत्तरीच्या आत एकदा तरी तिला मागे बसवून डोंगरातून न्यायचं, घाट दाखवायचे, तळी दाखवायची, एवढंच त्याला हवं होतं.

विमानतळाजवळ भाड्याने गाडी देणारं एक कार्यालय शोधलं. त्यांचाही नियम असा की सत्तर झाली की गाडी नाही. पासपोर्टावर जन्मतारीख होती एक जून. ती अर्थातच मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली. आईच्या सांगण्याप्रमाणे गुरुनाथ गौरी जेवल्या त्या दिवशी जन्मला, म्हणजे खरे अजून तीन महिने हातात होते. पण त्या कार्यालयातल्या मुलीला गौरी कुठून समजावणार? मे महिना संपत आला होता. शनिवारी सकाळी गाडी घ्यायची आणि मंगळवारी, एकतीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत परत करायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो कागदोपत्री सत्तरीचा होणार होता.

गिरीश घाबरला होता. त्याने चार पानं सूचना छापून दिल्या. शुभदाही फारशी उत्सुक नव्हती. तिचं म्हणणं, मी येऊन काय करू, मला का रस्ते कळतात. गुरुनाथने तिला सांगितलं की तुला काही कळायला नको, तू फक्त बस.

शनिवारी अकरा वाजता ते आमच्या दारात आले. गाडी छोटी, लाल. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. पुढच्या सीटवर धपाट्यांचा डबा, चटण्या, नकाशा आणि गिरीशच्या सूचना. शुभदा मागे, बरोबर गुरुनाथच्या पाठीमागे, आरशात दिसणार नाही अशी, शालीत गुरफटून बसलेली. मी म्हटलं, अगं, पुढे बस की. ती म्हणाली, पुढची जागा क्लीनरची असते, असं हेच सांगतात. जेवायला बसले तर गुरुनाथने दोन घासांवर आवरलं. चालवायचं असताना पोट हलकं, ही जुनी शिस्त. निघताना मला राहवलं नाही. मी गाडीच्या मागे गेले आणि बाळूची आठवण म्हणून दोनदा थापटलं. गाडी सुटली. गुरुनाथने मागे पाहिलं नाही, आणि मी फाटकाशी उभी राहून ओरडून सांगितलेलं "सावकाश" कोणाला ऐकू गेलं नाही.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. मंगळवारी परतताना ते पुन्हा आमच्याकडे जेवायला थांबले आणि दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत, एकमेकांच्या जागा घेत. मुरलेल्या नटांनीही इतकं चांगलं केलं नसतं. मी ते जमेल तसं सरळ लावून लिहिते.

पहिला दिवस मजेत गेला. त्याच वर्षी जानेवारीत इथल्या वेगाच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आल्या होत्या. गुरुनाथ म्हणाला, मी येणार हे यांना कळलेलं दिसतंय. लिमरिक मागे पडलं, रस्ते अरुंद झाले, तसा समोरून येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला सलाम करू लागला. इथे खेड्यातली माणसं करतात तसं. गुरुनाथला वाटलं, चालवणाऱ्याने चालवणाऱ्याला ओळखलं. तो प्रत्येकाला कपाळाला हात लावून पुरा नमस्कार घालत राहिला. किलार्नीला पोचेपर्यंत त्याचा खांदा दुखायला लागला. तिथे एका बाईंच्या घरी रात्रीची राहण्याची सोय होती. सकाळी त्या बाईंनी अंडी, भाजलेले टोमॅटो आणि पाव समोर ठेवले, शुभदाने धपाटी काढली, आणि तिघांनी मिळून दोन्ही संपवली.

पण गुरुनाथच्या मनात एक गोष्ट खुपायला लागली होती. शुभदा गाडीत बसली होती खरी, पण बघत नव्हती. वळण आलं की डोळे मिटायची. रविवारी सकाळी ते किलार्नीच्या सरोवरांच्या कडेने निघाले. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी, आणि सगळीकडे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला, जांभळा, इतका की पाण्यालाही रंग आला होता. रस्ता झाडांतून, कातळातल्या बोगद्यातून वर वर चढतो. गुरुनाथ एकेक वळण असं घेत होता की पेल्यातलं पाणी हललं नसतं. मागून फक्त पुटपुटणं ऐकू येत होतं. ती रामरक्षा म्हणत होती. जिथे थांबून तिन्ही सरोवरं एका नजरेत पाहायची, त्या लेडीज व्ह्यूच्या कठड्याशी त्याने गाडी उभी केली, तर तिने शालीतूनच विचारलं, "आलं का सपाट?"

हे सांगताना गुरुनाथ म्हणाला, "बाई, थिएटर भरलंय आणि लोक डोळे मिटून बसलेत, असं झालं."

तरी त्याने सोडलं नाही. वर खिंड लागली, तिथून एक अगदी बारीक रस्ता खाली ब्लॅक व्हॅलीत उतरतो. नाव काळं, पण खोरं हिरवंगार. दोन्हीकडे उंच डोंगर, मधे एक लांबट तळं, चारदोन घरं. मोबाईल चालत नाही. वीजसुद्धा इथे सगळ्या देशात शेवटी शेवटी आली म्हणे. रस्ता एका गाडीपुरता. तळ्याशी पोचले तर समोर मेंढरंच मेंढरं. त्यांच्यामागे एक म्हातारा, रविवारचा कोट घातलेला, काठी आणि कुत्रा. गुरुनाथने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

म्हातारा खिडकीशी आला. त्याचं नाव डेनी, हे नंतर कळलं. तो त्याच्या केरीच्या इंग्रजीत बोलला, गुरुनाथ मिरजेच्या मराठीत. हवा चांगली आहे, मेंढरं यंदा बरी आहेत, गाडी छोटी असली तरी गुणाची आहे, असं सगळं दोघांचं एकमेकांना समजलं, अशी गुरुनाथची खात्री आहे. मेंढरं दोन्ही बाजूंनी बें-बें करत जात होती. त्या गोंगाटात शुभदाने मागचं दार उघडलं आणि ती उतरली. तिला आडोशाला जायचं होतं. परक्या माणसासमोर नवऱ्याला हे कसं सांगायचं, म्हणून ती नुसतं "आलेच" म्हणाली, तेही शालीत, दार हलक्या हाताने लावलं, आणि दगडी गडग्याच्या पलीकडे नेच्यांत गेली.

मेंढरं सरली. डेनीने निरोप म्हणून गाडीच्या टपावर तळहाताने दोनदा थापटलं.

गुरुनाथने गिअर टाकला आणि गाडी काढली.

तिकडे शुभदा मोकळी होऊन वळली, तर पंधरा पावलांवर एक हरिणी उभी. तांबडी, मोठी, आपल्याकडच्या सांबरीएवढी. ती शुभदाकडे बघत होती, पण पळत नव्हती. का, ते शुभदाला दुसऱ्या क्षणी दिसलं. तिच्या पायांशी नेच्यांत ओलं पाडस होतं. नुकतं जन्मलेलं, अंगावर पांढरे ठिपके. ते उठायला बघत होतं. पुढचे पाय उभे राहिले की मागचे बसत, मागचे उठले की पुढचे घसरत. आई चाटत होती, ढोसत होती. शुभदा हलली नाही. गाडी गेल्याचा आवाज तिने ऐकला. ती मला म्हणाली, "कळलं मला गाडी गेली ते. पण त्ये लेकरू चौथ्यांदा पडलं हुतं. आता जायचं कसं?"

सहाव्या वेळी ते उभं राहिलं. मग ती गडगा ओलांडून रस्त्यावर आली. डेनीने तिला पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी केलं एवढं नक्की कळलं. तिला वाटलं आता धावपळ होईल. तसं काही झालं नाही. डेनी गडग्यावर बसला आणि बाजूची जागा टोपीने झटकली. हाताने रस्ता दाखवला, तो पुढे कुठे जातो ते दाखवलं, आणि शेवटी दोन्ही तळहात एकमेकांसमोर भिंतीसारखे धरले. रस्ता पुढे संपतो. गेलेला माणूस परत इथूनच येणार. "ही'ल बी ग्रँड", येईल तो नीट, असं काहीसं तो म्हणाला, त्यातलं "ग्रँड" तिला कळलं. त्याने थर्मासमधला चहा तिला दिला. शुभदाने कोणाच्या हातचं सहसा काही घेतलं नसतं, पण त्या दिवशी घेतला. साखर कमी होती, एवढीच तिची तक्रार.

आणि गुरुनाथ? तो चालला होता पुढे पुढे, तळ्याच्या कडेने, मग दुसऱ्या तळ्याच्या कडेने, आणि बोलत होता. आयुष्यात एवढा कधी बोलला नसेल. मागून रामरक्षा ऐकू येत नव्हती. त्याला वाटलं, हिला आता विश्वास आला, ही शांत बसून बघतेय. त्या आनंदात त्याने जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

शहात्तर साली आमचा गोव्याचा मोठा दौरा होता. मालकांनी स्वतः त्याला सांगितलं होतं की गुरुनाथ, यंदा घरच्या मंडळींना घेऊन ये, दोन जागा रिकाम्या आहेत. शुभदाने समुद्र पाहिला नव्हता. तिच्या कानावर हे कुठूनतरी आलं होतं आणि तिने पिशवी भरून ठेवली होती. गुरुनाथ घरी आला आणि म्हणाला, जागा नाही. पिशवी रिकामी झाली, विषय संपला. पण जागा होती. मिरजेत गल्लीत तो नाटकवाले कोळेकर होता, लोक त्याच्याकडे पास मागायला येत. दौऱ्यावर मात्र आम्ही लॉजवर उतरायचो आणि तो बसमध्ये. आमची पंगत उठली की त्याची. आणि दिवसातून दहादा कोणीतरी हाक मारायचं, ए ड्रायव्हर. ते तिने ऐकू नये, एवढ्यासाठी त्याने तिला समुद्र दाखवला नाही.

हे तो माझ्याच टेबलाशी बसून सांगत होता. त्या हाका मारणाऱ्यांत मीही होते. मी ते बोलून दाखवलं. गुरुनाथ म्हणाला, "बाई, तुमची हाक गोड असायची." हा त्याचा मोठेपणा, बाकी काही नाही.

तर हे सगळं सांगून तो उत्तराची वाट बघत राहिला. मागून आवाज नाही. त्याला वाटलं, रागावली. त्याने माफी मागितली. तरी नाही. तेवढ्यात रस्ता एका शेताच्या फाटकाशी संपला. त्याने ब्रेक लावला, आणि गाडी चालवायला लागल्यापासून बहुधा पहिल्यांदा, मान वळवून मागे पाहिलं.

मागच्या सीटवर नुसती शाल होती. म्हणजे शालसुद्धा नव्हती, ती पांघरूनच ती गेली होती. तिथे होती फक्त तिची पाण्याची बाटली.

परतीचा रस्ता त्याला आठवत नाही. वाटेत तळं होतं, त्यात त्याला काय काय दिसलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. वळणावरून पुढे आला तर गडग्यावर तिघं ओळीने बसलेली, डेनी, शुभदा आणि कुत्रा. धपाट्यांचा डबा गाडीत राहिला होता म्हणून ती डेनीची बिस्किटं खात होती.

गुरुनाथने गाडी थांबवली. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि उतरून ती शुभदाच्या हातात दिली. तो म्हणाला की संपलं. ज्याला मागे कोण आहे ते कळत नाही त्याने गाडी चालवू नये. किलार्नीपर्यंत कोणीतरी सोडेल, तिथून गिरीशला फोन करू, तो येऊन गाडी घेऊन जाईल. डॉक्टरांनी मुदत चार दिवस जास्त दिली, एवढंच.

शुभदाने किल्ली पदराला बांधली. मग तिने विचारलं की एवढा वेळ एकटं गाडीत काय केलंत. तो म्हणाला, बोललो. काय बोललात? तिने सांगितलं की जे रिकाम्या जागेला सांगितलं ते मला सांगा, त्याशिवाय मी इथून उठणार नाही. आणि मग त्या खोऱ्यात, डेनीच्या आणि कुत्र्याच्या साक्षीने, गुरुनाथला सगळं पुन्हा सांगावं लागलं. गोवा, दोन जागा, लॉज, पंगत, हाका. या वेळी तोंडावर. दुसरा प्रयोग नेहमीच अवघड असतो.

त्याचं संपलं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मला वाटलं, पणजीला कोण तरी ठेवलीय तुम्ही. तीस वर्सं मी तिच्या नावानं बोटं मोडतीया."

गुरुनाथला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात डेनी हसला. त्याला काही कळलं असण्याची शक्यता नव्हती, पण तिच्या तोंडाकडे बघून हसला. मग ती हसली, आणि मग गुरुनाथ गडग्याला टेकून असा हसला की कुत्रा भुंकायला लागला.

हसणं ओसरल्यावर त्याने पुन्हा तेच सुरू केलं, की आता मात्र मी स्टेअरिंगला हात लावणार नाही. शुभदाने पदराची गाठ सोडली.

"हे बघा," ती म्हणाली, "मला चालवता येत असती तर तुम्हास्नी हितंच ठेवून गेले असते. तुमची फिटंफाट झाली असती. पण मला येत न्हाई. तवा बसा."

तिने पुढचं दार उघडलं. धपाट्यांचा डबा, नकाशा आणि गिरीशच्या सूचना उचलून मागे टाकल्या. चार धपाटी तेवढी काढून डेनीला दिली, लसणाच्या चटणीसकट. आणि क्लीनरच्या जागेवर जाऊन बसली, शाल घडी करून मांडीवर.

यानंतरचे दोन दिवस मी लिहू तरी कसे? ते सांगताना दोघांचे चेहरे दाखवता आले असते तर बरं झालं असतं. शुभदाने आधी गाडी मागे वळवायला लावली, कारण लेडीज व्ह्यूला तिने डोळे मिटले होते आणि ते तिला आता वसूल करायचं होतं. तिथे ती अर्धा तास कठड्याशी उभी राहिली. मग केनमेअर, आणि सोमवारी हीली पास. तो घाट गुरुनाथला आंबा घाटाचा धाकटा भाऊ वाटला. खाली ग्लॅनमोरचं सरोवर, मधे झाडांचं एक बेट, आणि वर चढणारा रस्ता टाकलेल्या दोरीसारखा. आता मिटलेले डोळे नव्हते, आता तोंड चालू होतं. मेंढी आली, हळू. तिकडून ट्रक येतोय, दिसतोय ना? हे वळण चांगलं घेतलंत. हे मघाच्यापेक्षा जरा बाहेरून गेलं. गुरुनाथ म्हणाला की तीस वर्षांत इतक्या बारकाईने त्याचं काम कोणी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वळणानंतर तो तिच्याकडे एकदा चोरून बघायचा, आणि ती म्हणायची, पुढं बघा.

ग्लेनगॅरिफला होडीतून सील पाहिले, खडकांवर पसरलेले, दुपारच्या झोपेतल्या मालकांसारखे. तिथल्या किनाऱ्यावर शुभदाने चपला काढल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेली. समुद्र फार गार होता. ती दहा मिनिटं बाहेर आली नाही.

रोज संध्याकाळी गिरीश फोन करायचा की सगळं ठीक आहे ना. ती म्हणायची, ग्रँड. तो शब्द तिने डेनीकडून आणला होता.

मंगळवारी आमच्याकडे जेवून ते चार वाजता निघाले. भार्गवी म्हणाली, काकू, जपून. शुभदा म्हणाली, मी हाय न्हवं पुढं.

शेवटचं गिरीशने मला रात्री फोनवर सांगितलं. तो अर्धी रजा काढून विमानतळाजवळच्या त्या कार्यालयाशी पाच वाजल्यापासून उभा होता. सव्वापाचला लाल गाडी आली. त्याने हात केला. गाडी फाटकासमोरून तशीच पुढे गेली, चौकातल्या गोलाला वळसा घालून परत आली आणि पुन्हा पुढे गेली. त्याला वाटलं, बाबांना फाटक सापडत नाही. तो रस्त्यावर आला, दोन्ही हात हलवायला लागला. तिसऱ्यांदा गाडी इतकी जवळून गेली की त्याला आईचं बोलणं ऐकू आलं. ती बाबांना सांगत होती की सहाला अजून अवकाश आहे, उगाच लवकर कशाला द्यायची.

चौथ्या फेरीला त्याने हात हलवणं सोडून दिलं आणि कठड्यावर बसला. तो सांगत होता की आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती काचेतून बोट दाखवून बाबांना पुढचं काहीतरी दाखवत होती, आणि बाबा मान डोलावत अगदी सावकाश, एखादा घाट उतरावा तसे, तो सपाट गोल पुन्हा घेत होते.